माळवदावरची माती

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोल लावायला नको. नांदेडला एका क्लासमध्ये मी बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात बुवा-बाबा उघडे पाडते. मोबाईलवर माझं चॅनल आहे. कुणी लिंबातून रक्त काढलं, कुणी पाण्यावर दिवा लावला, की मी तिथं हजर. ते कसं केलं ते लोकांसमोर करून दाखवायचं, आणि त्या बुवाची चांगली जिरवायची. आई म्हणायची, ऋतुजा, तुझ्या जिभेला हाड न्हाई. खरंच नाही.

धाकटी बहीण अयोध्या, तिचा फोन आला तेव्हा मी उन्हाळी बॅचला लाटा शिकवत होते. ती कधी वर्गाच्या वेळेत फोन करत नाही, म्हणून उचलला.

"आक्का, तू ये," ती म्हणाली. "हे देवाच्या लई नादी लागलेत. घर पाडा म्हणून राहिलेत."

"कोण, लखनराव?"

"हाव. आन् एकलेच न्हाईत. सातजण हायेत. खंडोबाच्या देवळात दार लावून बसतेत. काय बोलतेत ते बायकोला बी सांगत न्हाईत."

अयोध्या रेणकुंडीला दिलेली. मुखेडच्या पुढं, माळावरचं गाव. दसऱ्यापासून तिथं दर अमावास्येला खंडोबाच्या देवळाखालून गडगड आवाज येत होता. आवाज झाला की त्या सातजणांपैकी एकजण पायरीवर उभा राहून देवाची ताकीद सांगायचा, की दगडामातीच्या घरात निजू नका, माळवदं उतरवा. अर्ध्या गावानं उतरवली होती. अयोध्या ऐकत नव्हती.

माळवद ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दगडाच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसात गळू नये म्हणून दरसाल उन्हाळ्यात नवी माती चढवायची. आज्यानं चढवली, बापानं चढवली, म्हणून आपणही चढवायची. जुनी कुणीच उतरवत नाही. पण आत असा गारवा असतो की बाहेर जाळ का पेटेना, दुपारी डोळा लागतो. अयोध्याची लेक तनुजा अजून पालथीही पडत नव्हती. तिची झोळी त्याच तुळईला बांधलेली.

"पत्र्याच्या शेडात लेकरू भाजून निघंल की आक्का," ती म्हणाली. "देव येणारंय का वारा घालायला?"

माझीच बहीण. मला अभिमान वाटला.

बसमध्ये बसल्यापासून माझं डोकं पळायला लागलं. त्या भागात सोलरवाले जमिनी बघत फिरत होते, हे माहीत होतं. गुपचूप मंडळ, देवाची भीती, लोक घरं मोकळी करतायत. आणखी काय पाहिजे? गाव रिकामं करायचा डाव आहे, आणि माझा मेहुणा त्यात सामील आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

मुखेडला उतरले तर स्टँडवर एक माणूस मोटारसायकलवर बसून माझ्याकडे बघत होता. खांद्यावर पिवळा टॉवेल. मी रसवंतीत शिरले, तो तिथंच. मी रिक्षात बसले, तो मागं. रिक्षा थांबली की तो थांबायचा, रिक्षा निघाली की तो निघायचा. मी मागं वळून त्याचा फोटो काढला तर यानं तोंड टॉवेलात घातलं. खोटं का बोला, मला भीती वाटली. पण रागापुढं माझी भीती फार वेळ टिकत नाही.

रेणकुंडीत शिरताना दोन्ही बाजूला घरांची डोकी उडवल्यासारखं दिसत होतं. उघड्या भिंती, अंगणात रचलेल्या तुळया, कडेला मातीचे ढीग आणि मधे पत्र्याची शेडं. मी कुणाला आवाजाचं विचारलं की तो इकडंतिकडं बघायचा आणि म्हणायचा, "त्ये देवाचं काम हाय, म्याडम." अयोध्याच्या दारात मात्र पांढऱ्या मातीची भरलेली ट्रॉली उभी होती. नवऱ्याला न विचारता तिनं मागवली होती.

जेवायला लखनराव समोर बसला. चांगला माणूस, एरवी मला बघितलं की चेष्टा करायचा. आज भाकरी मोडत होता आणि खात नव्हता. त्याच्या तळहाताच्या रेघांत हळद बसलेली मला दिसली.

"हे काय?" मी विचारलं.

त्यानं मूठ मिटली. "बेलभंडार उचललाय, ताई."

यावर बोलणंच खुंटतं. हातात बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा घेऊन वचन दिलं की आमच्याकडं माणूस जीव देईल पण तोंड उघडणार नाही. कोर्टात शपथ घेऊन बिनधास्त खोटं बोलणारेही बेलभंडाराला हात लावत नाहीत.

अयोध्या आत गेली तसा तो हळूच म्हणाला, "ताई, तुमी तिला न् लेकराला नांदेडला घेऊन जावा. पाया पडतो. माझं ती ऐकत न्हाई."

"म्हणजे तुम्ही मागं घर पाडायला मोकळे."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि ताट सारून उठला. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

त्याच दिवशी अमावास्या होती, आणि रविवार, म्हणजे खंडोबाचाच वार. दुपारच्या आरतीला गाव देवळापुढं जमलं. मी फोन फरशीवर ठेवला. माझ्या फोनमध्ये धक्के मोजायचं एक अ‍ॅप आहे, वर्गात पोरांना दाखवते मी. आरती संपली, घंटा थांबली आणि आवाज आला.

 छातीच्या आत काहीतरी घुमत होतं. बायकांनी डोक्यावर पदर घेतले, एक म्हातारा आडवा पडला. मी फोनकडं बघितलं. रेघ जेमतेम हलत होती, आणि हलत होती तीही एकसारखी, कंगव्याच्या दातांसारखी. जमीन अशी हलत नाही. तिला शिस्त नसते. आणि हा आवाज तर माझ्या ओळखीचा होता. लग्नसराईत नांदेडला माझ्या खिडकीच्या काचा ह्याच आवाजानं थडथडतात.

मी देवळाच्या मागं पळाले. बेलाच्या झाडामागं जुना कोरडा आड आहे. कठड्यावरून एक काळी वायर आत गेलेली. आत वाकून बघितलं तर खाली डीजेचे दोन मोठे बेस, वर ताडपत्री, आणि शेजारी शिडीवर बनियनमधे एक माणूस घाम पुसत बसलेला. मुखेडचा डीजेवाला बालाजी. अयोध्याच्या हळदीला ह्यानंच वाजवलं होतं.

"म्याडम," तो वर बघून म्हणाला, "मला काय बी माहीत न्हाई. मला फकस्त बटन दाबायला सांगितलंय."

मग काय विचारता. मी चॅनलवर लाईव्ह सुरू केलं. वायर उपसली, बालाजीला वर काढला, लोकांना आडाशी बोलावलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. हा बघा तुमचा देव, म्हटलं, ह्याला भाड्यानं आणता येतो, वरातीत पण नाचतो. लोक आडात वाकून बघायला लागले. मग एकजण हसला, मग सगळे. ज्यांनी माळवदं उतरवली होती ते शिव्या द्यायला लागले. पिवळ्या टॉवेलवाला मोटारसायकलवाला कोपऱ्यात उभा होता, तो त्या सातांतलाच निघाला, मी येणार हे कळल्यावर माझ्या मागावर सोडलेला. लखनराव देवळाच्या पायरीवर डोकं धरून बसला.

अयोध्याचा फोन आला. ती घरी लेकरापाशी बसून लाईव्ह बघत होती. "आक्का, लई झ्याक केलंस," ती म्हणाली. आवाज आनंदानं फुटत होता. "गडी बोलावलेत. आत्ताच माती चढवून घेते."

मी हसत फोन ठेवला. मान ताठ करून उभी होते, आता कुणाची खोड मोडायची ते शोधत.

तेवढ्यात एक उंच म्हातारा पुढं आला. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. विरूपाक्ष अप्पा. ह्या भागातल्या शाळांत त्यांनी भूगोल शिकवण्यात जन्म घालवला आणि रिटायर झाल्यावर रेणकुंडीतच राहिले. त्या सातजणांचे म्होरके तेच, हे मला अयोध्यानं सांगितलं होतं.

"मोबाईल बंद कर," ते म्हणाले.

"का म्हणून?"

"बंद केलास तर इमान मोडून खरं सांगतो. न्हाईतर न्हाई."

मी लाईव्ह बंद केलं, मागं धक्क्यांचं अ‍ॅप चालूच होतं. मला ऐकायचंच होतं, कोणत्या कंपनीनं किती कबूल केलंय ते. त्यांनी मला बेलाखाली नेलं.

"त्र्याण्णवच्या भूकंपात मी तेरणेकाठी होतो," ते म्हणाले. "नवी नोकरी. सासऱ्याच्या घरी राहायचो. त्या रात्री मी बाहेर बाजेवर निजलो म्हणून वाचलो. बायको न् दोन पोरं आत होती. दगड काढले, तुळया काढल्या. अंगावर ओरखडा न्हाई एकाच्या बी. तोंडात माती होती तिघांच्या. सासऱ्यानं चढवलेली, त्याच्या बापानं चढवलेली."

त्यांनी बेलाच्या खोडाला हात टेकला.

"मग गावोगाव सांगत फिरलो. भिंतीचे नमुने केले, टेबल हलवून पाडून दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा पिला आन् घरी जाऊन माती चढवली. पालथ्या घड्यावर पाणी. इकडं आता अधूनमधून जमीन हलायली, पेपरात तू बी वाचलं असशील. मला झोप लागंना. म्हटलं, मास्तराचं ऐकत न्हाईत तर न्हाई. देवाचं ऐकतेत."

"म्हणून फसवलंत."

"हाव. फसवलं. देवाच्या नावानं फसवलं. त्याचं पाप माझ्या डोक्यावर. पण अर्धं गाव उतरलं. तुझी भैन राहिली. ती तुझं चॅनल बघती न."

"तिला तरी खरं सांगायचं होतं. लखनरावांना तरी सांगू द्यायचं."

"एका बाईला सांगितलं म्हंजी हिरीला सांगितलं. दुसऱ्या दिशी सगळं गाव पाणी भरून नेतं."

मी चिडले. बायकांवर बोलले म्हणून चिडले आणि ते खरं बोलत होते म्हणून जास्त चिडले. तोंड उघडलं, तेवढ्यात पायाखालून टिचकी बसली.

टिचकीच म्हणते मी. खालून वर, एक. मग जमीन आडवी सरकली, बसमध्ये उभं असताना ड्रायव्हरनं ब्रेक मारावा तशी. देवळाची घंटा कुणी न हलवता एकदा वाजली. आवाजही झाला, तसलाच, पण लांबून आलेला आणि लांब गेलेला. हातातल्या फोनवर रेघ वर-खाली वेडीवाकडी पळत होती.

आडापाशी लोक पोट धरून हसत होते.

"बाल्या, बंद कर की आता," कुणीतरी ओरडलं.

"माझं बंद हाय हो," बालाजी म्हणाला. उपसलेली वायर त्याच्या हातात होती. ती त्यानं वर करून दाखवली, तर लोक आणखी हसले.

आता मला कळलं मी काय करून बसले ते. करायला गेले गणपती आणि झालं माकड. अप्पा लोकांत शिरून हात जोडून सांगत होते, अरे हा खरा होता, लेकरं बाहेर काढा रे. त्यांना कुणीतरी म्हणालं, "अप्पा, आता बास की. म्याडमनी दाखवलंय सगळं."

मी पळत सुटले. मागं लखनराव.

अयोध्याच्या दाराच्या वर भिंतीला चीर गेली होती, माझा हात जाईल एवढी. भिंतीचं पोट बाहेर आलेलं. आणि वर, माळवदावर, दोन गडी मातीची घमेली ओतत होते. आत शिरले तर अयोध्या झोळीतली माती फडक्यानं झटकत होती. फळ्यांच्या फटीतून पांढरी धूळ लेकराच्या अंगावर पडत होती. तनुजा निवांत मूठ चोखत होती.

"बाल्यानं परत लावलं का?" अयोध्या हसून म्हणाली. "बघ, माती सुदिक नाचली."

"आयो, हा खरा भूकंप होता. चल बाहेर."

लहानपणापासून मी तिला आयो म्हणते. दुसरं कुणीच म्हणत नाही.

"आक्का, चेष्टा नको करूस."

मी सांगितलं. फोन दाखवला, रेघ दाखवली. भिंतीचं वजन, मातीचं वजन, सगळं सांगितलं, वर्गात सांगते त्याहून चांगलं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग लखनरावाकडं बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"तुला बी फितवलं व्हय ह्यांनी?"

"आयो, मी नांदेडला नेते तुला. आत्ता. उठ."

"आन् मी गेले की हे घर पाडतेत. तेच पाहिजे ह्यांला. दसऱ्यापासून एकली भांडून राहिले मी. तूच म्हणलीस न आत्ता, समदं झूट हाय म्हणून? साऱ्या दुनियेनं ऐकलं."

लखनरावानं बेलभंडार मोडला. तिथंच. सातजण का जमायचे, आवाज कुणी केला, सगळं भडाभडा बोलला. ती म्हणाली, "अजून एक गोष्ट रचली." त्यानं झोळीला हात लावला तर तिनं विळी उचलली. "लेकराला हात लावाल तर बघा." वर घमेलं रिकामं झालं. धप्प. फळ्या करकरल्या. गल्लीत माणसं जमली होती, मजा बघायला, मोबाईल वर करून.

माझ्याकडं सांगायला काहीच उरलं नव्हतं. देव मी संपवला होता आणि सायन्सला कुणी विचारत नव्हतं. वर गडी दुसरं घमेलं भरत होते.

मी अंगात वारं कसं आणतात त्याचा व्हिडिओ केलेला आहे. चांगला चाललाय तो. श्वास कसा वाढवायचा, मान कुठून फिरवायची, डोळे कधी वर न्यायचे, सगळं दाखवलंय, आणि शेवटी हसून म्हटलंय, घरी करून बघू नका. मी बाहेर गल्लीत आले. लखनरावाच्या खांद्यावर देवळातला भंडारा सांडलेला होता, तो दोन्ही हातांनी ओरबाडून तोंडाला फासला. केस सोडले. आणि सुरू केलं.

लाज वाटली का? वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मान फिरतच होती. मी घुमले, दात खाल्ले, धुळीत पडले, गडाबडा लोळले. हसणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, "वारं आलं. म्याडमला वारं आलं." एका म्हातारीनं पुढं होऊन विचारलं, "कोण हायेस माय?"

"म्हाळसा," मी म्हटलं. आवाज घोगरा झाला होता, तो मुद्दाम करायची गरज पडली नाही. "माझ्या धन्याच्या नावानं डीजे लावता? खोटा आवाज करता? धनी चिडला. आत्ता हालला तो धनी हालला. उतर रे वरून. माती चढवू नको. एक घमेलं चढवू नको."

गडी घमेली टाकून खाली उतरले. उड्याच मारल्या त्यांनी.

मी दाराकडं सरपटत गेले. उंबऱ्यावर डोकं आपटलं, खरंच आपटलं, रक्त आलं. "बाहेर ये," मी ओरडत होते. "लेकरू घे. आयो, लेकरू घे न् बाहेर ये." किती वेळा म्हटलं ते मला आठवत नाही. मी रडत होते आणि ते नाटकातलं नव्हतं.

विळी खाली ठेवल्याचा आवाज आला. अयोध्या तनुजाला छातीशी धरून माझ्या अंगावरून पाय टाकून बाहेर आली.

मग सगळं भराभर झालं. अप्पा आले, सातजण आले, बालाजीही आला, त्यानं शिडी आणली. म्हाळसानं सांगितलंय म्हटल्यावर हातांना काय तोटा. भिंतीला टेकू दिले आणि शिडीवरून माती उतरवायला घेतली. बाजूनं बघितलं तर तिच्यात थर होते, पोळीच्या पदरांसारखे, दरसालचा वेगळा. सगळ्यात खालचा काळाठिक्कर होता.

मला लिंबाखाली बाजेवर बसवलं. अयोध्या शेजारी, मांडीवर तनुजा. तिनं पदर ओला करून माझं कपाळ पुसलं. 

"म्हाळसाला माझं हे नाव कुणी सांगितलं गं?" ती म्हणाली.

"कोणतं?"

"आयो."

मी मान खाली घातली.

"मग बाहेर का आलीस?" मी विचारलं. "नाटक कळलं तर का आलीस?"

"शाळेत हेडमास्तरानं छड्या मारल्या तरी तू सॉरी म्हणली न्हाईस," अयोध्या म्हणाली. "आईच्या मयताला बी लोकांपुढं रडली न्हाईस. आज साऱ्या गावापुढं धुळीत लोळलीस. समदे मोबाईल घेऊन उभे होते. म्हटलं, हिला खरंच भ्या वाटून राहिलंय." तिचे डोळे भरले. "तेवढं मला पुरं होतं, आक्का. तू आधीच रडली असतीस तर लोळायचं काम नव्हतं."

माझा फोन एकसारखा वाजत होता. क्लासचे सर, वर्गातली पोरं, माझ्यासोबत काम करणारी मंडळी. व्हिडिओ नांदेडला पोचला होता. मी फोन पालथा घातला. उद्या वर्गात कोणत्या तोंडानं जायचं ते माझं मला माहीत नव्हतं, अजून नाही.

तेवढ्यात बायका आल्या. ज्यांची माळवदं अजून डोक्यावर होती त्या. मघाशी आडापाशी सगळ्यात मोठ्यानं हसणारी उमादेवी सगळ्यात पुढं, हातात हळदीकुंकवाचं ताट. ती वाकली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागं ओढणार होते. अयोध्यानं माझा गुडघा दाबून धरला.

"आई," उमादेवी म्हणाली, "आमच्या घराचं काय सांगतीस?"

मी अप्पांकडं बघितलं. ते माती उतरवता उतरवता थांबले होते. मग मी केस पुन्हा तोंडावर ओढले आणि मान हलवायला सुरुवात केली.

"उतरव," मी म्हटलं. "आजच उतरव."